डेमोतली म्हातारी

ऑफिसात त्याला सगळे 'कातडे' म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हे, काम होतं. कॉम्प्युटरवर माणसं घडवणाऱ्या त्या कंपनीत एक जण हाडं करी, एक बाई केस करी, दोघं मिळून कपडे करत आणि हा कातडी करी. कातडी म्हणजे नुसता रंग नव्हे. नाकाच्या शेंड्यावरची बारीक भोकं, ओठांच्या कडेची सालपटं, गालांवर फुटलेल्या लाल शिरा, कानाच्या पाळीतून आरपार येणारा तांबूस उजेड, हे सगळं त्याच्या वाट्याचं. चौदा वर्षं हेच केल्यामुळे त्याला एक वाईट खोड जडली होती. समोरचा माणूस काय बोलतोय ते ऐकायचं सोडून तो त्याची हनुवटी बघत बसे. बायको त्यामुळेच सोडून गेली, असं केसवाली म्हणायची. ते पुरतं खरं नव्हतं, पण अगदीच खोटंही नव्हतं.

ही कंपनी ग्राफिक्स कार्डांचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र काढणाऱ्या कार्डांचे, डेमो बनवी. नवं कार्ड बाजारात आलं की ते किती दांडगं आहे हे नुसत्या आकड्यांवरून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. मग चार मिनिटांचं एक दृश्य करायचं. दिसायला ते सिनेमासारखं, पण सिनेमा नव्हे. कार्ड ते तिथल्या तिथे, सेकंदाला साठ वेळा, नव्याने काढत असतं. ज्याला शंका असेल त्याने माउस हातात घ्यावा आणि हवं तिथून बघावं. आणि बघायचं कुणाला? मुलीला. गेल्या अकरा डेमोंत अकरा मुली झाल्या होत्या. एक पाण्यातून बाहेर येई, एक नाचे, एक नुसतीच वाऱ्यावर उभी राही. एकीला चिलखत होतं, ते असं की बाण जिथे लागायचा नेमकी तेवढीच जागा उघडी. या अकराही जणींची कातडी याने केली होती आणि त्याला त्यांचा मनापासून उबग आला होता. भोकं काढली की वरून निरोप येई, 'भोकं पुसा.' तीळ काढला की, 'तीळ ओठाच्या वर घ्या.'

बारावं कार्ड खरोखरच वेगळं होतं. उजेड कातडीच्या आत शिरतो, रक्तामांसात फिरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो, हे सगळं ते कार्ड हिशेबात धरू शकत होतं. मीटिंगमध्ये कातडे चौदा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोलला.

"या वेळी मुलगी नको. म्हातारी करू. गुळगुळीत गाल काय, जुनं कार्डही काढतं. सुरकुती काढून दाखवली तर खरं."

मार्केटिंगच्या साहेबाला सगळे मागून गोडबोल्या म्हणत. हा माणूस कुणालाही 'नाही' म्हणत नसे. जे नको असेल ते दुसऱ्याच्या हातून मोडवून घेई. तो हसून म्हणाला, "करा तर खरं, कातडे. बघू."

म्हातारी आणायची कुठून? एजन्सीने पाठवलेल्या म्हाताऱ्या म्हणजे केस पांढरे करून बसवलेल्या तरण्या बाया. तीन जणी बघून परत पाठवल्या आणि मग एका दुपारी त्याला ताईची आठवण झाली. खरं तर आधीच व्हायला हवी होती, पण कामाशिवाय ताईची आठवण काढायची सवय त्याला राहिली नव्हती.

ताई अठरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा होता आणि ताई तेवीसची. तिने त्याला वाढवलं, शिकवलं, आणि त्यापायी तिचं लग्न राहिलं. हे कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. एकतीस वर्षं ती एका मोठ्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करत होती. वाफेपुढे उभं राहून तिचे गाल कायमचे लालसर झाले होते, शिरा जाळ्यासारख्या वर आल्या होत्या, पापण्या जड झाल्या होत्या. पुढचा एक दात तिशीतच पडला होता, म्हणून ती ओठ मिटूनच हसायची. आणि हसायच्या आधी तिचा डावा डोळा बारीक व्हायचा, जणू हसू आलंय की नाही हे आधी तो बघून घेई.

"माझा चेहरा?" ती म्हणाली. "का रे, कुणाचे आरसे फोडायचेत का?"

"थट्टा नको, ताई. मोठ्या पडद्यावर, दोन हजार लोकांपुढे. जशी आहेस तशी दाखवणार. एक सुरकुती इकडची तिकडे करणार नाही."

"आणि लोक माझ्यात काय बघणार?"

"माणूस बघणार. आम्ही अजून एकही केलेलं नाही."

त्या वेळी तो हे अगदी मनापासून बोलत होता, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं. पुढे त्याच्या बाजूने नोंदवण्यासारखं फारसं काही नाही.

ताई आली. चाळीस कॅमेऱ्यांच्या गोल पिंजऱ्यात तिला बसवलं. मग चेहऱ्यावर काळे ठिपके लावले आणि एकेक भाव नोंदवून घेतला: राग, शंका, किळस, आनंद. हसवण्यासाठी त्याने लाँड्रीच्या मॅनेजरची नक्कल केली आणि ताई पोट धरून, ओठ मिटून हसली. रडणं मात्र जमेना. कॅमेरावाला म्हणाला, डोळ्यांत थेंब टाकू. कातडे म्हणाला, "थेंबांचं पाणी खोटं वाहतं." आणि ताईजवळ जाऊन तो हळूच म्हणाला, "मला ताप आला होता ते आठव."

सहा वर्षांचा असताना तो अकरा दिवस तापाने फणफणला होता. डॉक्टर ताईला म्हणाले होते, मनाची तयारी ठेवा. ताईने त्याच्याकडे एकदा पाहिलं. तिच्या हनुवटीला कापरं भरलं आणि डाव्या डोळ्यातून पाणी आलं. हा मॉनिटरकडे धावला. "बघा, बघा, थेंब शिरांवर कसा अडतोय!" कॅमेरावाल्याने टाळी दिली. ताईने स्वतःच स्वतःचे डोळे पुसले.

दीड महिन्यात म्हातारी तयार झाली. काही करत नव्हती ती. खिडकीशी बसायची, बाहेर बघायची, एकदा हसायची. पण ऑफिसातली माणसं जेवणाचे डबे हातात घेऊन तिच्यासमोर उभी राहत आणि जेवायचं विसरत. केसवाली म्हणाली, "कातडे, आता तू मेलास तरी चालेल." या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

मग गोडबोल्याने ती गिऱ्हाइकांना दाखवली. कार्डं विकत घेणारे चोवीस तरुण एका खोलीत बसवले, थंड पेयं दिली, म्हातारी दाखवली आणि कागदावर मत लिहायला सांगितलं. 'आजी कशाला?' असं अकरा जणांनी लिहिलं. 'भीती वाटते,' असं सहा जणांनी. एकाने लिहिलं, 'हिला मारता येतं का?' गोडबोल्याने त्या कागदाला चौकट काढली आणि तोच कागद घेऊन तो मीटिंगमध्ये आला.

"तुमचं काम वाया जात नाहीये बरं का," तो म्हणाला. "उलट वाढतंय. एक तिरंदाज मुलगी येईल. जंगल येईल. आणि म्हातारी होईल चेटकीण. मुलगी बाण मारते, चेटकीण कोसळते, आणि मरताना तिच्या डोळ्यातून तो थेंब! तो थेंबच कार्ड विकणार आहे, कातडे. तो तुमचा आहे."

मग जरा थांबून त्याने जोडलं, "पात्रविभागाच्या प्रमुखाची जागा मोकळी होतेय. या डेमोवरच ठरेल ते."

ती माझी बहीण आहे, एवढं एक वाक्य होतं. चार शब्दांचं. ते त्याच्या जिभेवर आलं, तिथे थोडा वेळ बसलं आणि त्याने ते गिळलं. मुगासारखं गिळलं, आवाजही झाला नाही.

मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं. त्याने ठरवलं की ताई ओळखूच येणार नाही असं करायचं. तीन आठवडे तो राबला. नाक लांबवलं, हनुवटी वर वळवली, डोळे पिवळे केले, केसांच्या जटा केसवालीकडून करून घेतल्या. तिने विचारलं, "हे काय चालवलंयस?" त्याने नाक आणखी थोडं लांबवलं. ताईच्या दंडाची कातडी, जिथे ऊन आणि वाफ कधी पोचली नव्हती, ती काढून त्याने तिरंदाज मुलीच्या उघड्या खांद्यांना लावली. गालांना मात्र हात लावला नाही, कारण गालच विकायचे होते. आणि मग त्याने चेटकिणीचा चेहरा समोरून, बाजूंनी, खालून, वरून, स्थिर ठेवून तपासला आणि स्वतःशी म्हणाला, झालं. आता ही ताई नाही.

या धंद्यातला माणूसच अशी चूक करू शकतो. कातडी करणारे लोक चेहरा थांबवून बघतात. हललेला चेहरा त्यांच्या कामाचा नसतो. हलणं दुसऱ्या खात्याचं. त्या खात्याला नव्याने नोंदणी करायला वेळ नव्हता. त्यांनी ताईचेच नोंदवलेले भाव उचलले आणि जसेच्या तसे चेटकिणीला जोडले. कातडेने ते एकदाही चालवून पाहिलं नाही.

ताईला सांगायचं राहिलंच. रोज फोन उचले आणि रोज ठेवून देई. एके दिवशी तिचाच आला.

"अरे, लाँड्रीतल्या चौघी यायचं म्हणतायत. मिळतील ना पास? मी नवे कपडे शिवायला टाकलेत. उगाच खर्च, पण म्हटलं एवढे लोक बघणार, तर बघताना मी तिथे फाटकी नको बसायला."

आता तरी 'ताई, ते रद्द झालं' म्हणता आलं असतं. साधं खोटं, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याने विचार केला, येऊ दे. ओळख तर पटणारच नाही, नंतर सांगू की तुझा भाग ऐन वेळी कापला. "मिळतील की," तो म्हणाला आणि पाच पास पाठवून दिले.

सभागृह भरगच्च होतं. सातव्या रांगेत ताई, तिच्या दोन्ही बाजूंना इस्त्रीवाल्या. सगळ्यांत धिप्पाड होती ती चादरवाली. तिचा आवाज मशीनच्या घरघरीवर मात करायला तयार झालेला. कातडे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड उभा होता. दिवे मालवले. जंगल उजळलं, लोकांनी 'वा' म्हटलं. मुलगी आली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग झाडामागून चेटकीण पुढे आली.

तिचा डावा डोळा आधी बारीक झाला. मग ती ओठ मिटून हसली.

"अगं बाई!" चादरवाली ओरडली. "अगं, ही तर तूच!"

ते सहा रांगा पुढे आणि दहा रांगा मागे ऐकू गेलं. लोकांना वाटलं विनोद आहे. माना वळल्या. चेटकीण चिडली, ती ताई चिडली. चेटकिणीला शंका आली, ती ताईला आली. लांब नाक आणि पिवळे डोळे त्या चेहऱ्यावर भाड्याने आणल्यासारखे दिसत होते. मग बाण सुटला. चेटकीण गुडघ्यांवर आली, हनुवटीला कापरं भरलं आणि डाव्या डोळ्यातून पाणी निघालं. कॅमेरा इतका जवळ गेला की थेंब पडद्यावर माणसाएवढा झाला, शिरांवर अडला, पुन्हा वाहिला. सहा वर्षांच्या तापलेल्या पोरासाठी आलेलं ते पाणी होतं. दोन हजार लोक उभे राहिले आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

गोडबोल्याचे कान तिखट. माइक हातात घेऊन तो पुढे आला. "मंडळी, मघाशी कुणीतरी म्हणालं, ही तूच! म्हणजे आमची खरी म्हातारी इथेच बसली आहे? अहो मग लपता काय! आजी, या वर या. बघू दे लोकांना, आमचं कार्ड खरं बोलतंय की नाही."

ताई उठली नसती. पण शेजारच्यांनी वाट करून दिली, मागच्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि धाकट्याच्या ऑफिसातला मोठा साहेब बोलावतोय, न जाऊन कसं चालेल, असं तिला वाटलं. ती नव्या कपड्यांत रंगमंचावर आली. तिच्या पाठीमागे तिचाच चेहरा दोन मजले उंच, मरता मरता थांबवलेला. कॅमेरावाल्याने आता तिचा खरा चेहरा शेजारच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. सभागृहात हास्याची लाट आली. वाईट हसू नव्हतं ते. कौतुकाचं होतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

"आजी, आता एकदाच हसून दाखवा," गोडबोल्या म्हणाला. "तसंच. डोळा बारीक करून."

ताईने मान हलवली. नाही. मग तिने कडेला पाहिलं. पडद्याआड तिला भाऊ दिसला. ती काही मागत नव्हती. नुसती बघत होती, की हा येतो आणि हात धरून नेतो. दहा पावलांचं अंतर होतं.

तो गेला. दहाही पावलं चालत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोडबोल्या म्हणाला, "आणि हे आमचे कलाकार!" कातडेने ताईच्या खांद्यावर हात ठेवला, तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "हस ना, ताई. एकदाच. माझ्यासाठी."

ताई हसली. डावा डोळा बारीक झाला, ओठ मिटलेले राहिले. गोडबोल्याच्या खुणेसरशी कुणीतरी चेटकिणीचं हसूही पुन्हा चालवलं. दोन्ही पडद्यांवर दोन्ही चेहरे एकदम हसले आणि सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. खाली सातव्या रांगेत चादरवाली तेवढी टाळ्या वाजवत नव्हती.

कार्ड खपलं. खोक्यावर चित्र मुलीचं होतं, उघडे खांदे पुढे करून. चेटकीण खोक्याच्या मागच्या बाजूला, अंगठ्याएवढी. एका परीक्षकाने लिहिलं, 'म्हातारी इतकी खरी की बघवत नाही, मुलगी मात्र झकास.' डेमो लोकांना घरी फुकट उतरवून घेता येत होता आणि त्यात एक बटण होतं, 'बाण पुन्हा मारा'. लाँड्रीत चादरी टाकायला येणारे ड्रायव्हर फोनवर तो थेंब दाखवून म्हणू लागले, "मावशी, हसा की एकदा." ताईने मॅनेजरला सांगून मागच्या बॉयलरच्या खोलीत काम मागून घेतलं. तिथे उकाड्याने माणूस उकडून निघतं, म्हणून तिथे कुणी येत नाही.

कातडे पात्रविभागाचा प्रमुख झाला. त्याला काचेची खोली मिळाली. तीन आठवड्यांनी वकीलखात्याच्या लक्षात आलं की म्हातारीच्या चेहऱ्याबद्दल कुणाची सहीच घेतलेली नाही. घरचं माणूस म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. कार्डाची पुढची आवृत्ती येणार होती, चेटकीण परत लागणार होती. कागद घेऊन जायला अर्थातच त्यालाच सांगितलं.

रविवारी सकाळी तो ताईकडे गेला. तिने दार उघडलं, पाणी दिलं, भिजवलेले कपडे पिळत राहिली. त्याने बरंच काही बोलून घेतलं. साहेबांचा हट्ट, वेळ कमी, हे असंच चालतं. ताई ऐकत होती. त्याने कागद पुढे केला तशी तिने हात पुसले आणि तो दाखवेल तिथे सह्या केल्या.

"वाच तरी, ताई."

"तू सांगतोयस ना." तिने शेवटची सही केली. "एक विचारू? त्यात मी किती वेळा मरते?"

त्याला थाप मारता आली असती, पण थापा संपल्या होत्या. "बटण दाबतील तितक्या वेळा."

"आणि दर वेळी रडते?"

"हो."

ताईने पेनाला टोपण घातलं आणि कागद त्याच्या बाजूला सरकवला.

"मग तुला तेवढी पुरे आहे," ती म्हणाली. "माझी आठवण आली तर बटण दाब. इकडे येऊ नकोस."

"ताई..."

"जाताना दार ओढून घे."

त्याने दार ओढून घेतलं. तो पहिल्या पायरीवर होता तेव्हा आतून कडी लागली.